बिबवेवाडीचं स्थळ

झाड लावायला एक खड्डा, एक रोप आणि थोडं पाणी पुरतं, असा माझा समज होता. हा समज मी सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत निम्मं आयुष्य काढूनही बाळगला होता, यावरून माझ्या भोळेपणाची कल्पना यावी.

सुरुवात आमटीपासून झाली. माझी पत्नी हेमा हिच्या घशावर रेडिएशन झालं. गाठ गेली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "चव परत येते. कधी येते ते मात्र सांगता येत नाही." गोड, तिखट, आंबट, तिला काही कळेना. काय लागतं असं विचारलं की म्हणायची, "ओला पुठ्ठा. आज जरा जाड आहे." तरी स्वयंपाक तिने सोडला नाही. आमटीला उकळी आली की हाक यायची, "अहो, मीठ बघा." मी डावाच्या टोकावरून आमटी चाखायचो आणि "बरोबर आहे" असा दाखला द्यायचो. पाटबंधारे खात्यात मी नोकरीभर दाखलेच दिले होते, त्यामुळे हात सरावलेला होता. आमटी एखाद्या दिवशी अळणी असायची, एखाद्या दिवशी घोट घशाखाली उतरवणं कठीण व्हायचं. दाखला मात्र तोच. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या आमटीतल्या चुका काढल्या, तिला तिच्याच आमटीतली चूक सांगायची माझी छाती झाली नाही.

एका दुपारी मी विचारलं, "काहीतरी खावंसं वाटतं का तुला?"

ती म्हणाली, "रानतांबटं."

हेमाचे वडील भोरच्या पलीकडे, घाटाखालच्या एका गावात शिक्षक होते. शाळेमागे डोंगर, डोंगरावर दाट जंगल, आणि जंगलाच्या तोंडाशी रानतांबटाचं एक झाड. खोडावर काट्यांचे झुबके. पावसाच्या तोंडावर त्याला गोटीएवढी लालबुंद फळं लागायची. ती तशीच खाल्ली तर तोंड तुरट होतं, म्हणून आधी दोन्ही तळहातांत धरून मऊ होईपर्यंत चोळायची. मग तोंडात टाकायची. "इतकं आंबट, की एक डोळा आपोआप मिटतो," हेमा म्हणाली. "माझा डावा मिटायचा."

मी मंडईत गेलो. एका फळवाल्याने मला करवंदं दाखवली, दुसऱ्याने स्ट्रॉबेरी, आणि तिसऱ्याने, "आजोबा, तुम्हाला नक्की काय हवंय ते घरी विचारून या," असा सल्ला दिला. शेवटी गाडी करून आम्ही तिच्या गावीच गेलो. रस्ता रुंद झाला होता आणि झाड त्या रुंदीत गेलं होतं. जंगल वर डोंगरावर होतं, पण श्रावण लागलेला. हंगाम संपला होता. हेमा त्या नव्या रस्त्याच्या कडेला उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली. मग खाली वाकली. दगडांच्या फटीत रानतांबटाचं बोटभर उंचीचं एक रोप होतं. डब्यातल्या चमच्याने तिने ते मुळांसकट काढलं आणि ओल्या रुमालात गुंडाळलं.

"आई, पुढच्या वर्षी सीझनला जाऊन फळंच आणू की," आमचा मुलगा सलिल बंगळुरूहून फोनवर म्हणाला. त्याचं म्हणणं अगदी शहाणपणाचं होतं.

"आणलेली नकोत. आपल्या झाडाची हवीत," हेमा म्हणाली.

मी चौकशी केली तेव्हा कळलं, या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मला आधी हसू आलं, आणि मग ते जागीच थांबलं. डॉक्टर आमच्याशी फक्त पुढच्या तपासणीपर्यंतचं बोलत होते. पुढच्या वर्षाचं आम्ही घरात कोणीच बोलत नव्हतो. आणि ही बाई सात पावसाळ्यांचा बेत करत होती. त्याच संध्याकाळी मी खड्ड्याच्या परवानगीला लागलो.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथ पाळंदे. निवृत्त मुख्याध्यापक. ते कोणावर ओरडत नाहीत, फक्त समोरच्याला 'आपण' म्हणतात. पार्किंगच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीजवळ हातरुमालाएवढी माती होती, ती मी मागितली.

"आपण झाड लावणार. मुळं टाकीत शिरणार. टाकी फुटणार. मग आपण टाकी बांधून देणार का?"

मी मुळं खोल जातात, आडवी पसरत नाहीत, असं काहीतरी सांगितलं. मला मुळांविषयी काहीही माहिती नव्हती.

चर्चा तीन सभा चालली. पहिल्या मजल्यावरच्या पूर्णिमाबाई निसळ वास्तुशास्त्र शिकलेल्या आहेत. काटेरी झाड आग्नेयेला आलं तर घरात वाद होतात, असं त्यांनी सांगितलं. "आणि नाही आलं तर होत नाहीत का?" असं पाळंद्यांनी विचारल्यावर मात्र त्या खाली बसल्या. शेवटी सगळे थकले आणि पाळंदे म्हणाले, "ठराव लिहा."

इथे माझा घात झाला. ठराव लिहिणं हा माझा एकमेव अलंकार आहे. खात्यात वरचे साहेबसुद्धा मसुदा माझ्याकडे पाठवायचे. सचिव काहीतरी गबाळं लिहायला लागला, ते मला बघवेना. मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि झोकात लिहिलं: "सदर वृक्ष फळझाड असल्याने त्यास मंजुरी देण्यात येत आहे, तथापि सात पावसाळ्यांत सदर वृक्षास फळ न आल्यास तो सोसायटीस काढून टाकण्याची मुभा राहील." शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. पण 'तथापि' नसलेला ठराव मला उघडाबोडका वाटतो. पाळंद्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सुरेख." त्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला.

रोप वाढलं. हेमा रोज तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन खाली जायची. तपासण्या होत राहिल्या. तीन महिन्यांच्या सहा महिन्यांवर गेल्या, सहाच्या वर्षावर. चव काही आली नाही, पण "झाडाला नवी पालवी आली" हे वाक्य आमच्या घरात डॉक्टरांच्या रिपोर्टच्या बरोबरीने वाचलं जायचं. दरम्यान झाडानेही आपले गुण दाखवले. खोडावर काट्यांचे झुबके आले. त्यांनी एकाच्या स्कूटरची सीट फाडली, एकाची छत्री धरून ठेवली, आणि आमचा नवा सचिव केयूर याच्या विजेवरच्या कोऱ्या गाडीवर एक लांब रेघ ओढली. केयूर आयटीत आहे आणि स्वभावाने गरीब आहे. "काका, नो इश्यू," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा इश्यू असल्यासारखा होता. त्याला गाडीचा चार्जिंग पॉइंट नेमका त्याच कोपऱ्यात हवा होता.

सहाव्या वर्षी माघात झाडाला फुलं आली. पाकळ्या नसलेली, पिवळट, बारीक. हेमाने ती बघायला चष्मा बदलला. पण जून आला आणि गेला, फळ एकही धरलं नाही. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं ताक घाला, कोणी म्हणालं खोडात खिळा ठोका. पूर्णिमाबाई म्हणाल्या, कुऱ्हाड दाखवून झाडाला दम द्या, घाबरून फळतं. मी सुशिक्षित माणूस आहे. तरी एका दुपारी आसपास कोणी नाही असं पाहून मी झाडासमोर उभा राहिलो आणि पुढील हंगामात फळ न आल्यास आपणावर कारवाई करण्यात येईल, असं त्याला तोंडी कळवलं. कुऱ्हाड आमच्याकडे नव्हती, म्हणून विळी धरली होती. वर बघतो तर पाळंदे गॅलरीत चहा पीत होते.

"आपलं चालू द्या," ते म्हणाले.

पुढच्या माघात पुन्हा फुलं आली, तेव्हा हेमाने तनुजाताईंना बोलावलं. त्या तिच्या योगासनाच्या वर्गातल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, एक फूल उलगडलं, दुसरं उलगडलं आणि भिंग मिटलं.

"हा नर आहे," त्या म्हणाल्या. "या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. फळ मादीला येतं. याला जन्मात येणार नाही."

हेमा म्हणाली, "माझ्या वाट्याला सगळे असेच. दिसायला काटेरी, आणि उपयोग काही नाही." तनुजाताई हसल्या, मीही हसलो. पण त्या दिवशी ती तांदळाचं पाणी घेऊन खाली गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. आमटीची हाक यायची, पण मी "बरोबर आहे" म्हटलं तरी ती वळून बघायची नाही. सात वर्षं ज्याला धरून चालली होती तो कठडाच तिने सोडला, असं मला वाटलं, आणि मी फार घाबरलो.

बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेलीच. पाळंदे मला जिन्यात भेटले. "म्हणजे आता पावसाळे मोजण्याचंही कारण उरलं नाही. ठराव स्पष्ट आहे. आपणच लिहिलेला आहे." त्यांनी उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज केला, आणि लवकरच झाडाच्या खोडावर, काटे चुकवून, नोटीस चिकटली: सदर वृक्ष काढण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावे. मी त्याच सकाळी हरकत दिली. हरकतही मी सुंदर लिहिली. "सदर वृक्षाची एकही फांदी, डहाळी अथवा पान तोडण्यास माझी तीव्र हरकत आहे."

तनुजाताईंचा फोन आला तो त्यानंतर. त्यांना आठवलं, की काही वर्षांपूर्वी बिबवेवाडीचे एक गृहस्थ अशाच झाडाची डहाळी घेऊन कॉलेजात आले होते. फुलं येतात, फळं येत नाहीत, असं म्हणत होते. ती मादी होती. "नाव सर्जेराव. गिरणीच्या मागच्या गल्लीत राहतात, एवढंच लक्षात आहे."

बिबवेवाडीत गिरण्या किती आहेत, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने मला भेटावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्जेरावांचं घर सापडलं. बुटक्या भिंतीआड झाड उभं होतं, तसेच काटे, तशीच पानं, आणि फुलंही आलेली. मला इतका आनंद झाला, की मी सवयीप्रमाणे काखेतली फाइल सावरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे झाड आपण लावलंय का?"

बनियनवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फाइलकडे बघितलं. "कंचं झाड? आमी न्हाई लावलं. आपआप उगावलंय."

"मी महापालिकेचा नाही."

"समदे असंच म्हनत्यात."

मी सगळी हकीकत सांगितली. मुळात मी आलो होतो झाडासाठी, पण सांगता सांगता हेमाचा घसा, पुठ्ठा, तांदळाचं पाणी, सगळंच निघालं. आतून त्यांच्या पत्नी मुक्ताई पदर सावरत आल्या. झाड त्यांच्या वेल्ह्याकडच्या माहेरातलं होतं. "माज्या भावानं दिलंया," त्या म्हणाल्या. "समदी म्हनत्यात वांझ हाय, काढून टाका. म्या हात लावू देत न्हाई." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आवं, बसाय सांगा की. नवऱ्याकडची मानसं हायती." सर्जेराव आत गेले आणि सदरा घालून आले. चहा झाला, शिवाय पोहे झाले. माझ्या सख्ख्या लग्नात माझी इतकी उठबस झाली नव्हती.

तनुजाताईंनी काम सोपं सांगितलं होतं: नराची फुलांनी भरलेली फांदी तोडायची, मादीच्या झाडावर नेऊन फुलावर फूल टेकवायचं. फांदी तोडायची म्हणजे परवानगी. मी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. समोरचे गृहस्थ अतिशय नम्र होते.

"फांदी तोडायला हरकत आलेली आहे, साहेब."

"कोणाची?"

त्यांनी कागद वळवून दाखवला. अक्षर ओळखीचं होतं.

"मी हरकत मागे घेतो."

"जरूर घ्या. पण आपली एकच हरकत आहे. ती मागे घेतली, की झाड काढायचा मूळ अर्ज पुढे मंजुरीला जाईल." त्यांनी कागद पुन्हा वाचला. "डहाळी अथवा पान. काही सुटलेलं नाही. फार व्यवस्थित लिहिलंय."

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. फुलं अजून जेमतेम आठ-दहा दिवस टिकणार होती. स्वतःच्या मसुद्याने मी दोनदा फास आवळला होता. हेमाने काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, बिबवेवाडीचंसुद्धा. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा ती मोडायची हे मला नको होतं.

तिने हरकतीची प्रत मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली.

"फांदी, डहाळी, पान," ती म्हणाली. "फुलं कुठे आहेत यात?"

मी कागद हिसकावून घेतला. फुलं नव्हती.

"अहो, फुलं तोडायला या पेठेत कोणी कधी कोणाला विचारलंय का?"

आता हे सांगणं भाग आहे, की पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंदी ओरबाडणाऱ्या फूलचोरांचा मी कट्टर विरोधक आहे. त्यांच्याविरुद्ध फलकावर सूचना लावली होती ती मीच: 'देव आपला, झाड दुसऱ्याचे. लाज बाळगावी.' त्याच फलकाखाली दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आकडी घेऊन उभा होतो, आणि हेमा देवाची परडी धरून. एक नेहमीचे फूलचोर गृहस्थ बाहेरून चालले होते. ते थांबले, फलकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या."

गॅलरीत पाळंदे होते. ते चहा पीत राहिले.

परडीवर ओला रुमाल टाकून आम्ही स्कूटरवर बिबवेवाडी गाठली. सर्जेरावांनी शिडी लावून ठेवली होती. मुक्ताईंनी आधी झाडाला हळदकुंकू लावलं, मग शिडीवर त्या स्वतःच चढल्या. माहेरच्या झाडाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. हेमा खालून एकेक फूल वर द्यायची आणि त्या ते अलगद टेकवायच्या. सर्जेराव शिडी धरून होते. मला काही काम नव्हतं. लग्नात वराच्या बापाला असतं तितकंच.

फुलं सरेपर्यंत आम्ही जात राहिलो. मी हेमाला सारखं सांगत होतो, धरेलच असं नाही. ती "हं" म्हणायची. पण तांदळाचं पाणी पुन्हा खाली जायला लागलं होतं.

पावसाच्या तोंडावर, आमच्या वार्षिक सभेच्या दिवशीच सर्जेराव आले, हातात स्टीलचा डबा घेऊन. "पैला तोडा व्याह्यांकडं," ते म्हणाले. डब्यात मूठभर लाल फळं होती. हेमाने झाकण उघडलं, बघितलं आणि पुन्हा लावलं. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "नाहीच लागलं काही, तर?" मी डबा घेऊन सभेला गेलो, आणि ती माझ्या मागून आली. कित्येक वर्षांनी ती सभेला येत होती.

सर्जेराव दाराशी खुर्चीवर बसले. झाडाचा विषय निघाला. मी डबा टेबलावर ठेवला आणि फळ आल्याचं सभेला कळवलं.

पाळंद्यांनी ठराव उघडला. "फळ बिबवेवाडीच्या झाडाला आलेलं आहे. इथे शब्द 'सदर वृक्षास' असे आहेत."

"बाप आमचा हाय की पन!" सर्जेराव म्हणाले.

"बापाला फळ येत नाही," पाळंदे म्हणाले. "शब्द आपलेच आहेत." हे मला.

खरंच माझेच होते. 'सदर वृक्षास' हा प्रयोग मी किती अभिमानाने केला होता! आता त्यातून बाहेर पडायला मला एक स्वल्पविरामही सापडेना. तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. हेमा उठून टेबलापाशी आली. डब्यातून तिने एक फळ घेतलं, दोन्ही तळहातांत धरलं आणि चोळायला लागली. ती खूप वेळ चोळत होती. सगळी सभा त्या हातांकडे बघत बसली. इमारतीत कोणाला काय झालंय हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणी बोलत नाही.

तिने फळ तोंडात टाकलं.

तिचा डावा डोळा मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

"आंबट," ती म्हणाली. आणि मग मला शोधत, मी शेजारीच उभा असताना, "अहो, आंबट आहे!"

मी खाली बसलो. मला रडू आलं, आणि ते लपवायला माझ्याजवळ त्या वेळी ठरावाचा कागद सोडून दुसरं काही नव्हतं.

पाळंद्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि पुन्हा लावला. "सचिव, लिहा," ते म्हणाले. "सदर वृक्षाचे फळ हेमाताईंना मिळाले. सभेने खात्री करून घेतली. झाड काढण्याचा अर्ज मागे घेण्यात येत आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तथापि काही नाही."

केयूरने लिहून घेतलं. मग एक फळ न चोळताच तोंडात टाकलं आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. "काका, हे लोक आवडीने खातात?" चार्जिंगची केबल जरा लांब घेऊन पंपाशेजारून नेता येईल, असं तो नंतर स्वतःहून म्हणाला.

यानंतर आठवड्याभराची गोष्ट. आमटीला उकळी आली, हाक आली, "अहो, मीठ बघा." मी गेलो, चाखलं आणि म्हणालो, "बरोबर आहे."

हेमाने माझ्या हातातून डाव घेतला. टोकाला जीभ लावली. पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळली.

"हे बरोबर आहे?"

मी फोडणीच्या डब्याकडे बघितलं.

"इतकी वर्षं तुम्ही हे असलं खारट जेवत होतात?"

"मधूनमधून अळणीही असायची," मी म्हणालो.

ती ओट्याकडे वळली. तिची पाठ हलत होती. हसत होती की काय ते मला कळेना, आणि विचारायचं धाडस झालं नाही. तिने आमटीत भांडंभर पाणी ओतलं, गॅस मोठा केला आणि न वळताच म्हणाली, "पानं घ्या."